गुरू शोधताना त्याची खतावणीही पाहावी

प्रश्न : मी भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुक्याची असून नागपुरात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला मासिकाची संपादक व्हायचे आहे. आमच्या घरी झाडीबोली, म्हणजे पूर्व विदर्भातील मराठीची बोली, बोलतात. गावच्या मंडईवर (दिवाळीनंतर भरणारी जत्रा; तिथे रात्री नाटके होतात) लिहिलेला माझा लेख महाविद्यालयाच्या वार्षिकांकातून ‘भाषा अशुद्ध’ असा शेरा मारून परत आला. एक निवृत्त संपादक मात्र माझे लेख वाचतात आणि समासात खुणा करून प्रश्न लिहून देतात. मी स्पर्धा परीक्षा द्यावी, असे वडिलांना वाटते. आयर्लंडहून अमेरिकेत जाऊन संपादक झालेल्या मॅक्लुअर यांच्याविषयी वर्गात ऐकले. असा गुरू मिळाला, तर पदवीची खरोखर गरज आहे का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण वडिलांची काळजीही त्याच्याशीच जोडलेली आहे.

सॅम्युअल सिडनी मॅक्लुअर यांचा जन्म १८५७ मध्ये आयर्लंडच्या अँट्रिम परगण्यात झाला. वडील सुतारकाम करीत. जहाजबांधणीच्या कामावर अपघात होऊन ते गेले आणि १८६६ मध्ये आईने चार मुलांना घेऊन अमेरिकेतील इंडियाना गाठले, तेव्हा सॅम नऊ वर्षांचा होता. इलिनॉयमधील नॉक्स महाविद्यालयात तयारीच्या वर्गापासून पदवीपर्यंत पोहोचायला त्यांना आठ वर्षे लागली, कारण मिळेल ते काम करीत शिकणे भाग होते. पण १८८२ मध्ये त्यांनी पदवी घेतलीच. ज्यांचे उदाहरण देऊन तुम्ही पदवी सोडण्याचा विचार करीत आहात, त्यांनी ती सोडली नव्हती, एवढे प्रथम ध्यानात घ्यावे.

१८८४ मध्ये त्यांनी एक वेगळाच व्यवसाय सुरू केला. लेखकाकडून कथा विकत घ्यायची आणि ती एकाच वेळी अनेक वृत्तपत्रांना विकायची. त्यातून लेखकांच्या ओळखी झाल्या, आणि जून १८९३ मध्ये, देशात मोठी मंदी असताना, महाविद्यालयातील मित्र जॉन फिलिप्स यांच्यासह त्यांनी मासिक काढले. त्या काळी प्रतिष्ठित मासिकांची किंमत २५ ते ३५ सेंट असे. यांनी ती १५ सेंट ठेवली.

संपादक म्हणून त्यांचा खरा गुण दिसतो तो माणूस हेरण्यात. आयडा टार्बेल या अमेरिकी लेखिका पॅरिसमध्ये राहून लेखनावर कशीबशी गुजराण करीत होत्या. त्यांचा तिथल्या रस्त्यांच्या फरसबंदीवरचा एक लेख मॅक्लुअर यांच्या वाचनात आला. फरसबंदीसारखा रुक्ष विषय जिने वाचनीय केला, ती काहीही लिहू शकेल, हे त्यांनी ताडले. १८९२ मध्ये ते जिने चढून टार्बेल यांच्या खोलीवर गेले, आपल्याकडे दहाच मिनिटे आहेत असे म्हणत बराच वेळ बोलत बसले, आणि निघताना त्यांच्याकडूनच चाळीस डॉलर उसने घेऊन गेले. (या उसनवारीकडे नंतर वळणार आहे.) पुढे त्यांनी टार्बेल यांच्याकडून नेपोलियन आणि लिंकन यांची चरित्रे लिहून घेतली, आणि १९०२ च्या अखेरीस स्टँडर्ड ऑइल या तेलसम्राट कंपनीचा इतिहास क्रमशः छापायला सुरुवात केली. टार्बेल पेनसिल्व्हेनियाच्या तेलपट्ट्यात वाढल्या होत्या. त्या कंपनीपुढे लहान व्यावसायिक कसे चिरडले गेले, हे त्यांनी स्वतःच्या वडिलांच्या धंद्यात पाहिले होते. तरीही आठवणींवर विसंबून न राहता त्यांनी न्यायालयीन कागदपत्रे आणि चौकशी समित्यांचे अहवाल उपसले, आणि संपादकाने एकेका लेखामागे हजारो डॉलर व कित्येक महिने खर्च होऊ दिले. लिंकन स्टेफन्स हे दुसरे सहकारी संपादनासाठी आले, तेव्हा कार्यालयात बसून मासिक चालवता येत नाही, बाहेर पडून हिंडा, असे सांगून मॅक्लुअर यांनी त्यांना प्रवासाला धाडले. जानेवारी १९०३ च्या एकाच अंकात टार्बेल, स्टेफन्स आणि रे स्टॅनर्ड बेकर यांचे तीन शोधलेख आले. अमेरिकी पत्रकारितेच्या इतिहासात तो अंक आजही मैलाचा दगड मानतात.

असा संपादक एखाद्या लेखकाच्या आयुष्यात काय करतो, हे मी लहान प्रमाणावर अनुभवले आहे. उमेदवारीच्या काळात नागपुरातील एका साप्ताहिकासाठी मी बातमी दिली होती, ‘संत्र्याचे भाव कोसळले’. संपादकांनी कागद परत केला, त्यावर शिसपेन्सिलीने तीनच प्रश्न होते : काल किती, आज किती, शेकड्याला की टोपलीला? दुसऱ्या दिवशी पहाटे संत्रा मार्केटमध्ये जाऊन मी आकडे लिहून आणले, तेव्हा कळले की भाव कोसळलेच नव्हते. फक्त बारीक फळाला गिऱ्हाईक नव्हते. त्या तीन प्रश्नांनी मला जे शिकवले, ते पुढच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात सापडले नाही. परंतु हेही सांगायला हवे की, त्या साप्ताहिकाने माझे चार महिन्यांचे मानधन बुडवले आणि एके दिवशी कार्यालयाला कुलूप लागले. मी शिकलो हे जितके खरे, तितकेच त्या चार महिन्यांचे खोलीभाडे घरून आले हेही खरे.

त्या उसनवारीत दिसलेली मॅक्लुअर यांची दुसरी बाजू येथेच येते. कल्पना सुचण्याला त्यांना अंत नव्हता. एका मासिकाचा हिशेब जुळत नसताना ते नवे मासिक, बँक, विमा कंपनी, वसाहत असे बेत आखू लागले. अखेर १९०६ मध्ये टार्बेल, स्टेफन्स, बेकर आणि जुने मित्र फिलिप्स असे सगळे एकत्र बाहेर पडले, आणि काही वर्षांतच कर्जापायी मासिकही मॅक्लुअर यांच्या हातून गेले. टार्बेल मात्र उघड्यावर पडल्या नाहीत, कारण विषय, कागदपत्रे हाताळण्याची सवय आणि नाव हे सगळे त्यांचे स्वतःचे झाले होते.

तुम्हाला कथाही लिहायच्या असतील, तर अमेरिकी कादंबरीकार विला कॅथर यांचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. पिट्सबर्गमधील शिक्षकी सोडून त्या १९०६ मध्ये मॅक्लुअर यांच्या मासिकात आल्या आणि व्यवस्थापकीय संपादकपदापर्यंत पोहोचल्या. हे काम तुमचे स्वतःचे लेखन खाऊन टाकील, असे ज्येष्ठ लेखिका सारा ऑर्न ज्युएट यांनी १९०८ मध्ये त्यांना पत्राने बजावले. ते पटूनही बाहेर पडायला कॅथर यांना आणखी तीन वर्षे लागली. तरी उपकार त्या विसरल्या नाहीत : मॅक्लुअर कफल्लक झाल्यावर त्यांचे आत्मचरित्र कॅथर यांनीच लिहून दिले, आणि ते १९१४ मध्ये पुस्तकरूपाने आले. मॅक्लुअर १९४९ मध्ये, ९२ व्या वर्षी वारले.

आता तुमच्याविषयी. बी. ए. पूर्ण करा. त्यानंतर येथील राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा जनसंवाद विभाग, अमरावतीचे भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र किंवा हिंदीत काम करायचे असल्यास वर्ध्याचे हिंदी विश्वविद्यालय, यांपैकी प्रवेश आणि खर्च परवडेल ते निवडा. यात फार घोळ घालण्याचे कारण नाही. वडिलांना एवढे सांगा की, राज्याच्या माहिती खात्यातील काही अधिकारीपदे लोकसेवा आयोगामार्फतच भरली जातात आणि त्यांना पत्रकारितेची पदवी किंवा पदविका लागते. त्यामुळे तुमचा मार्ग त्यांच्या मार्गापासून वाटतो तितका दूर नाही.

‘अशुद्ध’ हा शेरा मात्र मनाला लावून घेऊ नये. माधवराव सप्रे यांची मातृभाषा मराठी. त्यांनी १९०७ मध्ये याच नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला आणि हिंदीतील माखनलाल चतुर्वेदींसारख्यांना पुढे आणले. प्रमाण मराठी तुम्हाला आलीच पाहिजे, कारण दुसऱ्याचा मजकूर तपासताना ती लागेल. पण पात्रांच्या तोंडची झाडीबोली काढून टाकली, तर तुमच्या मंडईत आणि इतर कोणत्याही जत्रेत फरक उरणार नाही.

शेवटी त्या निवृत्त गृहस्थांविषयी. ते समासात नुसते ‘छान’ लिहीत नाहीत, प्रश्न विचारतात, यावरून माणूस कामाचा दिसतो. त्यांच्याकडे पुढचा लेख नेण्याआधी मागच्या लेखातील प्रत्येक प्रश्नाचे उत्तर लिहून न्या. त्यांनी एखाद्या नियतकालिकात काम करायला सुचवले, तर मानधन किती आणि ते कधी मिळते, हे संकोच न करता विचारा. तुमच्या तालुक्याजवळच्या वडशाला झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांची कार्यालये आहेत. एका रात्रीच्या प्रयोगाची सुपारी, म्हणजे मंडळीला मिळणारी ठरीव रक्कम, किती, नटाला काय मिळते, गावातल्या मंडळाच्या हाती काय उरते, याचा लेख नागपुरातल्या एखाद्या वार्ताहराला तुमच्याइतका सहज जमणार नाही. दिवाळीनंतर मंडई भरू लागतील. तेव्हा एक रात्र मंडपात न बसता तिकिटाच्या टेबलाशी बसा आणि पहाटे गल्ला मोजला जाईपर्यंत उठू नका.