६ टॅब, ३८ मुलं: ॲपच्या आधी प्रश्न

मॅडम, कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या (जि. बेळगाव) तुमच्या मराठी शाळेला ६ टॅब मिळालेत, पाचवी ते सातवीची मिळून ३८ मुलं आहेत, आणि टॅब हातात आला की सगळी गेम नाहीतर व्हिडिओच शोधतात. कुठली ॲप टाकू, असं तुम्ही विचारलंय. ॲप सांगतोच, पण त्याआधी फळ्यावर एक प्रश्न हवा आणि प्रत्येकाच्या वहीत त्याचा अंदाज. नुसता टॅब दिला की मुलं काय हलतंय ते बघायला बटणं दाबतात. अंदाज लिहिलेला असला की आपलं बरोबर आलं का, हे बघायला दाबतात.

एका वेळी एकच वर्ग घ्या. १३ मुलांना ६ टॅब म्हणजे दोघांत एक, एका गटात तिघं. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं वहीत लिहायचं, ६ मिनिटांनी अदलाबदल. १२ मिनिटांनी टॅब पालथे. तोवर बाकीच्या दोन वर्गांकडे वाचायला पुस्तकं.

अपूर्णांकांपासून सुरुवात करा. फळ्यावर लिहा: ‘दीड भाकरीत चतकोर किती?’ चतकोर हा शब्द मुलांच्या जेवणातला आहे, त्यामुळे ‘एक छेद चार’ शिकवण्याआधीच तो त्यांना ठाऊक असतो. आधी दोन गोल कागद घड्या घालून फाडू द्या. मग टॅबवर कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातलं अपूर्णांकांचं पहिलं सिम्युलेशन (पडद्यावर हाताळून बघायचा प्रयोग) उघडा, वर्तुळ निवडा, छेद ४ करा आणि एकेक तुकडा टाकत न्या. इथे एक गोष्ट हमखास चुकते. कमाल मर्यादा १ वरच राहिली तर चार तुकड्यांनंतर जागाच उरत नाही, आणि अपूर्णांक एकापेक्षा मोठा नसतोच, असा समज पक्का होतो. मर्यादा २ करा. सहावा तुकडा बसला की ६/४ दिसतं. तेच ‘दीड’ हे मुलांना स्वतः म्हणू द्या, तुम्ही सांगू नका. मग सव्वा आणि पावणेदोन वहीत, टॅबशिवाय.

फेटची सिम्युलेशन्स फुकट आहेत आणि बरीच मराठीत आहेत. संकेतस्थळावरून एकेक एचटीएमएल फाइल उतरवता येते, नंतर इंटरनेट लागत नाही. कणकुंबी-जांबोटीकडच्या, नेट नीट न मिळणाऱ्या शाळांना हेच सोयीचं. तालुक्याच्या गावी नेट मिळेल तिथे फाइली उतरवा आणि मेमरी कार्डवरून सगळ्या टॅबमध्ये घाला. फाइल उघडल्यावर पान कोरंच राहिलं तर ती बहुधा ‘एचटीएमएल व्ह्यूअर’मध्ये उघडलेली असते. ‘ओपन विथ’मधून क्रोम निवडा.

दुसरं काम कन्नडचं, आणि आपल्या भागात टॅबचा खरा उपयोग मला इथेच दिसतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर पुष्कळ चित्रकथा मराठी आणि कन्नड दोन्हींत आहेत, सोपी ते अवघड अशा चार पातळ्यांत. पहिल्या पातळीची एकच गोष्ट दोन्ही भाषांत पीडीएफ करून घ्या. मराठी प्रत छापून हातात द्या, कन्नड प्रत टॅबवर ठेवा. अक्षर मोठं करून बघता येतं, म्हणून कन्नड टॅबवर. प्रश्न असा: ‘दोन्हीकडे सारखे वाटणारे तीन शब्द शोधा.’ तूप-तुप्प, ताट-तट्टे अशा जोड्या सापडायला लागल्या की कन्नडची भीती ओसरते. अडकित्त्यात कन्नडची ‘अडके’ म्हणजे सुपारी आहे, हे कळल्यावर तर मुलं घरी जाऊन आजीला विचारतात.

अडतं कुठे, तर ‘ए’ आणि ‘ओ’ला. कन्नडमध्ये दोन्हींची ह्रस्व आणि दीर्घ अशी वेगळी अक्षरं आहेत, मराठीत नाहीत. बसच्या पाटीवरच्या कन्नड ‘बेळगावी’तला पहिला ‘बे’ ह्रस्व आहे. तिथूनच दाखवा. पाटी रोज डोळ्यांसमोर असते.

छापताना उभ्या पानांचं पुस्तक निवडा. १६ पानांची गोष्ट ए-फोरच्या ४ कागदांत बसते. झेरॉक्सवाल्याला ‘बुकलेट, दोन्ही बाजू, शॉर्ट एज’ असं सांगा. लॉंग एज राहिलं तर मागची पानं उलटी येतात. एक प्रत काढून, दुमडून बघा आणि मगच बाकीच्या काढा. शेवटचं श्रेयाचं पान काढू नका, मोफत वापराची अट तीच आहे.

अवांतर वाचनाला बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक ऑनलाइन मिळतात, ते १९७१पासूनचे आहेत. हातानं करून बघण्याच्या प्रयोगांना अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावरची मराठी पुस्तकं घ्या. मात्र महाराष्ट्राची पाठ्यपुस्तकं किंवा त्यांवर बेतलेली ॲप धड्यांसाठी घेऊ नका. आपला अभ्यासक्रम कर्नाटकाचा, धडे आणि क्रम वेगळे. मुलं नको तो धडा पाठ करतात आणि परीक्षेत अडकतात. धड्यांसाठी कर्नाटकाच्याच पुस्तकांची मराठी पीडीएफ ठेवा. कुणी नुडी किंवा श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्ड फाइल पाठवली तर टॅबवर अक्षरांचा खिचडा दिसेल. त्यांच्याकडून पीडीएफच मागा.

गेमचं म्हणाल तर प्ले स्टोअर बंद करा, विमान मोड लावा आणि सेटिंगमधलं ‘ॲप पिनिंग’ आणि त्यातला पिन विचारण्याचा पर्याय सुरू करून हवं ते ॲप पिन करा, म्हणजे पिन टाकल्याशिवाय मूल दुसऱ्या ॲपमध्ये जात नाही. पिन फक्त शिक्षकांकडे.

पावसाळ्यात टॅब भिंतीतल्या कपाटात ठेवू नका, तिथे ओल धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि चार्ज करून गार झाल्यावरच झाकण लावा. एप्रिलच्या सुट्टीला जाताना चार्जिंग ५० टक्क्यांच्या आसपास ठेवून बंद करा. शून्यावर ठेवलेली बॅटरी दोन महिन्यांत मरू शकते. शाळा उघडल्यावर एखाद्या टॅबचं मागचं झाकण उचललेलं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. तो चार्जिंगला अजिबात लावू नका, मुलांपासून लांब ठेवून दुरुस्तीला द्या.