कुणाला मागायला लावू नकोस

प्रिय मुली,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र वाचल्यापासून अस्वस्थ आहे. ग्राहकाच्या माणसासमोर तुझ्या हाताखालच्या सुपरवायझरने तुझा शब्द मोडला, तू गप्प राहिलीस, आणि रात्रभर तुला प्रश्न पडला की ही ख्रिस्ती नम्रता होती की नुसता भित्रेपणा. त्यावर तू पानंच्या पानं लिहिली आहेस. मधेच एक ओळ येते: पावडर कोटिंगवाला, म्हणजे तुझ्या मालावर रंगाचा थर चढवून देणारा, तीन महिने पैशांसाठी खेटे घालतोय, पण आपलंच पेमेंट अडकलंय म्हणून त्यालाही थांबायला सांगितलंय. पुढच्या ओळीत तू परत सुपरवायझरकडे वळलीस. मला मात्र कोटिंगवाल्यापाशीच थांबायचं आहे.

सुपरवायझरचं आधी उरकतो. योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू शिष्यांचे पाय धुतो, हे तुला लहानपणापासून पाठ आहे. पण त्याच्या आधी काय लिहिलंय ते बघ. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे हे जाणून तो भोजनावरून उठला. पाय धुऊन झाल्यावरही तो शिष्यांना सांगतो की तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे. कमरेला रुमाल बांधताना त्याने आपला अधिकार नाकारला नाही. मोशेला शास्त्र पृथ्वीवरचा सर्वांत नम्र माणूस म्हणतं, आणि फारोसमोर उभा राहिला तोही मोशेच. तेव्हा सुपरवायझरला एकट्याला केबिनमध्ये बोलाव. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रमही तोच आहे, आधी दोघांत बोलायचं. ड्रॉइंगमध्ये बदल करायचा की नाही हे तू ठरवशील, असं त्याला स्पष्ट सांग. आवाज चढवायची गरज नाही, आणि माफी मागत सुरुवातही करायची नाही. बाईमाणसाने मऊ राहावं असं आपल्या मंडळीतही उठता-बसता शिकवतात. ती शिकवण ख्रिस्ताची नाही.

आता कोटिंगवाला.

इतक्या वर्षांच्या धंद्यात मी एकच गोष्ट घट्ट धरली: कुणाला त्याच्या हक्काचं मागायला लावू नकोस. ज्याचं आहे ते त्याने तोंड उघडायच्या आत त्याला पोचलं पाहिजे. तो माणूस तुझ्या शॉपवर येतो, बाहेरच्या बाकावर ताटकळतो, चहा नको म्हणतो कारण चहा घेतला की पैशाचं बोलणं अवघड होतं, आणि शेवटी 'मॅडम, जमलं तर बघा' म्हणून हात जोडतो. अगं, त्याने केलेल्या कामाचे पैसे आहेत ते! ज्याचे पैसे थकलेत तो उभा, आणि जिने थकवलेत ती खुर्चीत. रविवारी तू उपासनेला शेवटच्या बाकावर बसतेस हे मला माहीत आहे. पण तू नम्र आहेस की नाही हे त्या कोटिंगवाल्याला विचारायला हवं.

शास्त्रात याबद्दल किती वेळा लिहिलंय! लेवीय १९ सांगतं की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये. अनुवाद २४ म्हणतं, सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचं सगळं लक्ष तिकडे लागलेलं असतं. याकोबाच्या पत्रात तर शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते. आणि द्राक्षमळ्याचा दाखला! शेवटी आलेल्यांनाही धन्याने सारखंच दिलं, एवढंच सगळे लक्षात ठेवतात. मला त्यातली संध्याकाळ महत्त्वाची वाटते. धनी कारभाऱ्याला सांगून कामकऱ्यांना स्वतः बोलावून घेतो. एकालाही त्याच्या दारात मजुरी मागायला जावं लागत नाही.

देशाचा कायदाही तेच सांगतो. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. पण तुझा कोटिंगवाला व्याज मागणार नाही. मागितलं तर पुढचं काम जाईल, हे त्याला माहीत आहे आणि तुलाही. त्याच्या या भीतीवर तुझा महिना निभतोय.

'आपलंच पेमेंट अडकलंय' हे कारण मला सांगू नकोस. ग्राहक कंपनी तुला नव्वद दिवस लटकवते, तू त्याला लटकवतेस, तो त्याच्या भट्टीवरच्या पोराला. मधल्या कुणीतरी ती झळ स्वतःवर घेतली पाहिजे, आणि तिघांत ती घेण्याची ऐपत तुझी आहे. बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्याच्या रोजच्या खर्चासाठीच्या कर्जाची मर्यादा, वाढवून घे. कंपनीची बिलं ट्रेड्सवर, म्हणजे बिलाचे पैसे मुदतीआधी मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यवस्थेवर, वटवता येतात का, ते तिच्या खरेदी विभागाला विचार. पत्रा वाकवायचं नवीन मशीन, तो प्रेस ब्रेक, पुढच्या वर्षी येईल. स्वतःची उचल सगळ्यांच्या शेवटी घे.

हे फक्त पैशाचं नाही. ओव्हरटाइमचा हिशेब, पीएफ भरल्याचा पुरावा, ठरलेली रजा, केलेल्या कामाचं श्रेय, यातलं काहीही कुणाला मागायला लावू नकोस. ज्ञानसुद्धा. आपल्याच नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. त्यांनी गावांनी निवडलेल्या बायकांना, त्यातल्या कितीतरी अक्षरओळखही नसलेल्या, बाळंतपण, पोषण, मुलांचे आजार हे सगळं शिकवलं आणि गावाचं आरोग्य त्यांच्या हाती सोपवलं. १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ते ठीकच. मला मोठं वाटतं ते हे की ज्या विद्येवर डॉक्टरची खुर्ची उभी असते ती त्यांनी वाटून टाकली. तुझ्या वेल्डरला ड्रॉइंग वाचायला कोण शिकवणार आहे? तो विचारेल म्हणून थांबली आहेस का?

माझी एकच शेड राहिली, हे तू घरी ऐकलं असशील. एका मोठ्या ग्राहकाला १२० दिवसांची उधारी हवी होती, मी नाही म्हणालो, आणि ज्यांनी ते काम घेतलं त्यांचे आज दोन-दोन प्लॉट आहेत. आमचं घर फार उशिरा झालं. तुझ्या काकूने भाड्याच्या दोन खोल्यांत जी वर्षं काढली, त्यांचा सल माझ्या मनात अजून आहे. माझ्या हट्टाची किंमत तिने भरली. तरीही मी चुकलो असं मला कुणी पटवू शकलेलं नाही. त्या उधारीवर मी मोठा झालो असतो तर पगाराच्या दिवशी हेल्परांच्या डोळ्यांत बघायला मला जमलं नसतं. धंद्याची अक्कल नव्हती म्हणून मी लहान राहिलो, असं म्हणतात. अक्कल होती. कुणाच्या पैशावर मोठं व्हायचं नाही, हे ठरलेलं होतं.

सोमवारी कोटिंगवाल्याकडे तू स्वतः जा. त्याला बोलावू नकोस. सगळं जमत नसेल तर अर्धं दे, उरलेल्याची तारीख लिहून दे आणि त्या तारखेला त्याचा फोन यायच्या आत पैसे पाठव. सुपरवायझरशी बोलणं त्यानंतर. लिमिट वाढवायला बँकेत जाशील तेव्हा तीन वर्षांचे ताळेबंद आणि जीएसटी रिटर्न बरोबर ठेव, आणि आदल्या दिवशी मला कळव. मी येतो.

तुझा,
काका