खाणीच्या छताला किती कोळसा उरलाय हे मायक्रोवेव्हने मोजता येतं का?

येतं, पण छताला राखलेला पातळ थरच. अख्खा जाड थर नाही. लहर कोळशात शिरते, वरच्या शेल खडकावरून परतते; लागलेल्या वेळेवरून जाडी निघते. कोरड्या कोळशाची पारविद्युतता (हा आकडा जितका मोठा, तितकी लहर मंद) साधारण 4 धरली तर लहरीचा वेग प्रकाशाच्या निम्मा होतो, म्हणजे 15 सेंमी थरातून जाऊन परत यायला जेमतेम 2 नॅनोसेकंद. इतका बारीक वेळ थेट मोजणं कठीण, म्हणून वारंवारता बदलत नेणारा रडार वापरतात. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने 1970च्या दशकातच हे करून पाहिलं होतं. खरी डोकेदुखी पाण्याची: त्याची पारविद्युतता 80च्या आसपास, त्यामुळे ओल्या कोळशात लहर मंदावते, शिवाय पाण्यात शोषली जाऊन विरते आणि आकडा फसवा येतो. तिथे आधी नमुना काढून वेग ठरवून घ्या.