सर्वात मोठा पक्ष आणि सत्तेचा हक्क : गोवा २०१७

२०१७ मध्ये गोव्यात काँग्रेसचे १७ आणि भाजपचे १३ आमदार निवडून आले असताना राज्यपालांनी भाजपच्या मनोहर पर्रीकरांना सरकार स्थापनेसाठी बोलावणे घटनाबाह्य नव्हते का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते घटनाबाह्य नव्हते; मात्र मतदाराची फसगत झाल्याची आपली भावनाही मला रास्त वाटते.

४० जणांच्या सभागृहात बहुमतासाठी २१ आमदार लागतात आणि हा आकडा कोणाकडेच नव्हता. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) ३, गोवा फॉरवर्ड ३, अपक्ष ३ आणि राष्ट्रवादी १ अशा उरलेल्या दहा जणांवर सारे अवलंबून होते. सर्वात मोठ्या पक्षालाच प्रथम पाचारण करावे, असे राज्यघटनेत कुठेही लिहिलेले नाही. केंद्र-राज्य संबंधांचा अभ्यास करणाऱ्या सरकारिया आयोगाने त्या पक्षाला प्राधान्य सुचवले ते इतरांच्या पाठिंब्यासह दावा केल्यास; आणि काँग्रेसने अशी पाठिंब्याची पत्रे दाखवलेली नाहीत, यावरच सर्वोच्च न्यायालयाने बोट ठेवले. तरीही न्यायालयाने १६ मार्चलाच बहुमत सिद्ध करण्याचा आदेश दिला, हे मला फार मोलाचे वाटते, कारण मुदत जितकी लांब तितकी आमदारांच्या फोडाफोडीला सवड मिळते.

पर्रीकर सरकारचा विश्वासदर्शक ठराव २२ विरुद्ध १६ मतांनी संमत झाला. पर्रीकर तेव्हा आमदार नसल्याने त्यांचे मत नव्हते आणि भाजपचेच असलेल्या हंगामी सभापतींनी मतदान केले नाही; म्हणजे भाजपची १२ आणि वरच्या दहा जणांची १० मते पडली. काँग्रेसचे विश्वजित राणे मतदानाआधीच सभागृहाबाहेर पडले.

खरी खंत मला वेगळ्याच गोष्टीची आहे. भाजपविरोधात प्रचार करून निवडून आलेला गोवा फॉरवर्ड निकालानंतर लगेच त्याच पक्षाच्या सरकारात गेला, आणि पक्षांतरबंदी कायदा याला हात लावू शकत नाही, कारण तो आमदाराला पक्षाशी बांधतो, पक्षाला मतदाराशी नाही. हा कायदा राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात आहे; पक्षाचे एक तृतीयांश आमदार फुटले तर अपात्रता टळण्याची त्यातील सवलत २००३ च्या घटनादुरुस्तीने गेली, पण दोन तृतीयांश आमदारांनी दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची वाट उघडीच राहिली. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी तीच धरून भाजप गाठला. पर्रीकरांच्या नियुक्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेले चंद्रकांत कवळेकर त्यांत होते आणि लगेचच ते उपमुख्यमंत्री झाले.