पहिले पिस्तूल कोणते घ्यावे?

प्रश्न : माझी अकरा वर्षांची मुलगी तीन महिन्यांपासून नेमबाजी शिकत आहे. तिला स्वतःचे पॉइंट २२ पिस्तूल घ्यावे का? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : इतक्यात मुळीच नको. पॉइंट २२ हे अग्निशस्त्र असून त्यासाठी परवाना लागतो. या वयात तिने १० मीटर प्रकारातील ४.५ मिलिमीटरच्या एअर पिस्तुलावरच हात बसवावा. कोल्हापूरच्या नेमबाज राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत पॉइंट २२ने खेळल्या जाणाऱ्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवल्यापासून आपल्या शहरातील मुलींना त्या प्रकाराची ओढ वाटते, आणि ती मला मनापासून आवडते. पण पाया एअर पिस्तुलानेच पक्का होतो.

पिस्तूल एका हाताने पेलायचे असल्यामुळे साधारण एक किलोचे वजनही लहान मनगटाला जड जाते, म्हणून आखूड नळीचे, हलके आणि लहान मुठीचे पिस्तूल प्रशिक्षकांसमोर तिच्या हातात देऊन पाहावे. मूठ सैल असेल, तर नेम धरताना मनगट वळते आणि ती सवय पुढे सुटत नाही. जुने पिस्तूल घेताना हवेच्या सिलिंडरवरील निर्मितीची तारीख अवश्य पाहावी, कारण त्याची मुदत सहसा दहा वर्षांची असते. स्वतःचे पिस्तूल घेईपर्यंत तिला सरावाच्या रेंजवरचेच पिस्तूल वापरू द्यावे. घरी आणल्यावर मात्र ते कुलपात ठेवावे आणि किल्ली आपल्याकडेच असावी.