टेबलावरचं पुस्तक आणि न दिसणारा रेटा

प्रश्न : मॅडम, ‘बलामुळे वस्तू हलते, थांबते किंवा तिचा आकार बदलतो’ असं वाचून माझ्या बारा वर्षांच्या मुलीनं विचारलं, ‘मग टेबलावर पडलेल्या पुस्तकावर बल असतं का?’ मी ‘नाही’ म्हणाले. वर्गात मात्र तिला ‘दोन बलं असतात’ असं सांगितलं. टेबल निर्जीव, ते कसं ढकलेल? आणि बलाचे किती प्रकार पाठ करायचे?

उत्तर : तिचा प्रश्न मला फार आवडला. मी स्वतः कॉलेजात जाईपर्यंत इथंच अडले होते.

पुस्तक तळहातावर धरा. थोड्या वेळात हात भरून येतो, कारण तुम्ही ते सतत वर रेटत असता. आता ते स्पंजावर ठेवा. स्पंज दबतो आणि दबल्यामुळेच पुस्तकाला वर ढकलतो. दोन डब्यांवर आडव्या ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर ठेवलंत, तर पट्टी वाकते. टेबलही दबतं, पण इतकं कमी की डोळ्यांना कळत नाही. वर्गात हे पटायचं नाही, तेव्हा मी टेबलावर छोटा आरसा ठेवून त्यावर तिरका लेझर सोडत असे. लांबच्या भिंतीवर ठिपका पडायचा. आरशाशेजारी कुणी टेबलावर भार दिला की ठिपका सरकायचा, आणि मुलं पुन्हा पुन्हा टेबल दाबून बघायची.

पुस्तक एक किलोचं असेल तर पृथ्वी त्याला सुमारे ९.८ न्यूटन बलानं खाली ओढते आणि टेबल तेवढ्याच बलानं वर रेटतं. दोन्ही संतुलित, म्हणून ते जागचं हलत नाही.

या दोन बलांना क्रिया-प्रतिक्रियेची जोडी म्हणायचा मोह मात्र टाळा. हे चुकीचं उत्तर मी शेकडो वह्यांत तपासलं आहे. न्यूटनच्या तिसऱ्या नियमातली जोडी दोन वेगळ्या वस्तूंवर असते : पृथ्वी पुस्तकाला ओढते, पुस्तक पृथ्वीला ओढतं. इथं दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत. शिवाय टेबल काढून घेतलं की त्याचा रेटा संपतो, पृथ्वीची ओढ उरतेच. खऱ्या जोडीतलं एक बल असं मागं उरत नाही.

प्रकार पाठ करायला लावू नका. स्नायूंचं बल, घर्षण, दोरीतला ताण, टेबलाचा रेटा ही सगळी अणू-रेणूंमधल्या विद्युतचुंबकीय बलाची रूपं आहेत. दुसरं रोजच्या अनुभवातलं बल गुरुत्वाकर्षणाचं. आणखी दोन मूलभूत बलं अणुकेंद्रकाच्या पातळीवर काम करतात. ती पुढच्या वर्गांत येतीलच.

घर्षणाशी मात्र तिला खेळू द्या. पुस्तकाला बोटानं हलकेच ढकललं तर ते हलत नाही. जोर थोडा वाढवला तरी नाही, कारण घर्षणही तेवढंच वाढतं. एका मर्यादेपलीकडे ते पुरं पडत नाही आणि पुस्तक सुटतं.

मग पुस्तकाला जोरात सरकवून हात काढून घ्यायला सांगा आणि विचारा, ‘सरकताना त्यावर कोणती बलं आहेत?’ बहुतेक मुलं म्हणतात, ‘हाताचं बल अजून आत आहे.’ ते हात सुटताच संपलं. पुस्तक पुढे जातं ते जडत्वामुळे, म्हणजे आहे ती गती टिकवून ठेवण्याच्या गुणधर्मामुळे; त्यावर उरतात ती खाली ओढ, वर रेटा आणि उलट्या दिशेनं लागणारं घर्षण, आणि हे घर्षणच त्याला थांबवतं.