सिंथेटिक इंजिन ऑइल नेमकं कशापासून बनवतात?

तुमचा प्रश्न असा आहे: कारच्या सर्व्हिसिंगमध्ये 'फुल्ली सिंथेटिक' ऑइलचे साध्या ऑइलच्या दुपटीहून जास्त पैसे लागले, तर त्या डब्यात नेमकं कोणतं तेल असतं? जमिनीतून निघणाऱ्या क्रूडचंच, की कारखान्यात वेगळं तयार केलेलं?

परभणीत जिंतूर रोडला माझं ऑइल आणि स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. त्याआधी बी.एस्सी. केमिस्ट्री करून नऊ वर्षं मी सिल्व्हासाला एका ब्लेंडिंग प्लांटच्या लॅबमध्ये होतो. टँकरमधून उतरणारं बेस ऑइल, म्हणजे ज्यात ॲडिटिव्ह (गुण वाढवणारी रसायनं) मिसळून इंजिन ऑइल बनतं ते मूळ तेल, तपासणं हेच माझं रोजचं काम होतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सिंथेटिक नावाचं असं एकच तेल नसतं. आज या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक डब्यांत ग्रुप थ्रीचं तेल असतं, आणि ते क्रूडपासूनच काढलेलं असतं. काही डब्यांत पीएओ हे कारखान्यात रेणू जोडून बनवलेलं तेल असतं, काहींत थोडं एस्टर, तर काहींत नैसर्गिक वायूपासून बनवलेलं तेल.

हे ग्रुप पाडले अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने, म्हणजे डब्यावर 'एपीआय' लिहिलेलं असतं तीच संस्था. एकूण पाच ग्रुप आहेत. ग्रुप वनमध्ये क्रूडचं वंगणाजोगं तेल वेगळं काढून सॉल्व्हंटने धुतात आणि मेण काढून टाकतात. ज्वारी सुपात घेऊन पाखडावी तसं हे काम. खडे आणि कोंडा जातो, पण दाणा होता तसाच राहतो. गंधक थोडंफार उरतं, रंग पिवळसर असतो आणि वासही जाणवतो. ग्रुप टूमध्ये हायड्रोजन वापरून गंधक ०.०३ टक्क्यांच्या आत आणतात.

ग्रुप थ्रीमध्ये पाखडण्यावर काम भागत नाही, दाण्याचा आकारच बदलतात. साडेतीनशे-चारशे अंश उष्णता, हायड्रोजनचा प्रचंड दाब आणि कॅटॅलिस्ट (रासायनिक क्रियेला वेग देणारा पदार्थ) यांतून तेल जातं. त्यात कड्यांसारखे रेणू उघडतात, मोठे रेणू तुटतात आणि मेणाच्या सरळ साखळ्यांना फांद्या फुटतात, म्हणून ते थंडीत गोठत नाही. टँकरमधून उतरणारं हे तेल पाण्यासारखं स्वच्छ दिसायचं. नवीन मुलं लॅबमध्ये आली की बाटली नाकाशी नेऊन म्हणायची, याला तर वासच नाही!

ग्रुप थ्री म्हणवून घ्यायला व्हिस्कॉसिटी इंडेक्स १२० किंवा त्याहून जास्त लागतो. काकवी थंडीत घट्ट होते आणि चुलीजवळ ठेवली की पाण्यासारखी वाहते. तेलाचंही तसंच होतं. तापमान बदललं तरी ज्याचा दाटपणा कमी बदलतो, त्याचा इंडेक्स जास्त. ग्रुप वन आणि टूमध्ये हा आकडा ८० ते १२० च्या दरम्यान असतो.

ग्रुप फोर म्हणजे फक्त पीएओ, पॉलिअल्फाओलेफिन. नाव अवघड आहे, पण बनवायची रीत समजायला सोपी आहे. ज्या इथिलीन वायूपासून पॉलिथिनच्या पिशव्या होतात, तोच वायू घ्यायचा. त्यात दोन कार्बन असतात. असे पाच जोडले की दहा कार्बनचं डिसीन तयार होतं. तीन-चार डिसीन एकमेकांना जोडायचे आणि शेवटी हायड्रोजन द्यायचा. क्रूडमध्ये निसर्गाने हजारो तऱ्हेचे रेणू कालवून ठेवलेले असतात. इथे आपल्याला हवे तेवढेच, जवळपास एका मापाचे रेणू मिळतात. मेण नावालाही नसतं, त्यामुळे पातळ ग्रेडचं पीएओ उणे ६० अंशांपर्यंतही वाहतं राहतं. अर्थात इथिलीन येतं क्रूडमधून निघणाऱ्या नाफ्त्यातून किंवा गॅसमधून, म्हणजे याचंही मूळ जमिनीखालीच आहे. म्हणून 'पेट्रोलियमचं की कारखान्याचं' अशी विभागणी करून हाती काही लागत नाही. रेणू किती घडवून घेतला, हे विचारावं.

नैसर्गिक वायूचं तेल या दोन रीतींच्या, म्हणजे ग्रुप थ्री आणि फोरच्या, मधलं. गॅसपासून आधी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन, त्यातून मेण आणि मेणातून तेल. १९२०च्या दशकात जर्मनीत फिशर आणि ट्रॉप्श यांनी शोधलेली ही वाट कतारमध्ये शेलच्या पर्ल प्रकल्पात मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. एपीआयच्या हिशेबात हे तेलही ग्रुप थ्रीमध्येच मोडतं.

उरलेलं सगळं ग्रुप फाइव्हमध्ये जातं. त्यात इंजिनसाठी महत्त्वाचं म्हणजे एस्टर. आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून ते तयार होतं. माझ्या आजोबांच्या बैलगाडीच्या आखाला एरंडेल घालत. ते एरंडेलसुद्धा निसर्गाने बनवलेलं एस्टरच! पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या रोटरी इंजिनांतही एरंडेल वापरायचे. आज एरंडेलापासून सेबॅसिक आम्ल काढतात आणि त्यातून वंगणाची एस्टर बनवतात. बांधावरच्या एरंडाकडे मी तेव्हापासून फार आदराने बघतो. एस्टरचे रेणू धातूला चिकटून बसतात आणि उष्णता चांगली सोसतात, म्हणून जेट इंजिनांची तेलं एस्टरचीच असतात. याची दुखरी बाजू म्हणजे पाणी. ओल मिळाली की एस्टर हळूहळू फुटू लागतं.

मग नुसतं पीएओ का भरत नाहीत? आमच्या लॅबमध्ये याचं उत्तर डोळ्यांनी दिसायचं. पीएओमध्ये ॲडिटिव्ह नीट विरघळत नाहीत, आणि रबरी सील त्याने किंचित आकसतात. एस्टर याच्या उलट: ॲडिटिव्ह विरघळवतं आणि सील फुगवतं. म्हणून दोघांची जोडी लावतात. शिवाय डब्यातलं सगळंच बेस ऑइल नसतं. साधारण ७५ ते ९० टक्के बेस, बाकी ॲडिटिव्ह: काजळी धरून ठेवणारी, आम्ल मारणारी, झीज रोखणारी. ही ॲडिटिव्ह ड्रममधून येतात ती बहुतेक वेळा साध्या मिनरल तेलात विरघळवलेली असतात. त्यामुळे 'फुल्ली सिंथेटिक' डब्यातही थोडं मिनरल तेल असतंच.

ग्रुप थ्रीला सिंथेटिक म्हणायचं का, यावर अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉलमध्ये मोठा वाद झाला. १९९९ मध्ये तिथल्या नॅशनल ॲडव्हर्टायझिंग डिव्हिजनने, म्हणजे जाहिरातींबद्दलच्या तक्रारी बघणाऱ्या संस्थेने, कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला, आणि तेव्हापासून हा शब्द सैल झाला. जर्मनीत अजूनही 'पूर्ण सिंथेटिक' हा शब्द पीएओ-एस्टरसाठी राखलेला आहे. माझं मत विचाराल तर ग्रुप थ्री विकणं ही फसवणूक नाही. पण कशाचे पैसे देतोय हे गिऱ्हाइकाला कळायलाच हवं, आणि डबे ते लपवतात याचा मला राग आहे.

आता आपल्या भागाचं बोलू. परभणीत कडाक्याच्या थंडीत पारा पाच-सहा अंशांवर येतो. उणे ६० ला वाहणाऱ्या तेलाचा आपल्याला तसा उपयोग नाही. आपला त्रास मे महिन्याचा: बाहेर ४३ अंश, एसी चालू, गाडी गर्दीत रांगत चाललेली. तिथे तेल उडून जाणं आणि जळून घट्ट होणं या दोन गोष्टी महत्त्वाच्या. उडून जाणं मोजायला नोआक नावाची चाचणी आहे: तेल २५० अंशांवर तासभर ठेवायचं आणि वजन किती घटलं ते बघायचं. ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडला एपीआयची मर्यादा १५ टक्के आहे. ग्रुप वनच्या पातळ तेलाला ती गाठता येत नाही, चांगल्या ग्रुप थ्रीला येते. म्हणूनच तुमच्या कारला मी ग्रुप थ्रीचं तेल बिनधास्त देईन. पीएओसाठी आणखी पैसे मोजायची गरज मला दिसत नाही. धुळीवर मात्र कुठलंच बेस ऑइल इलाज नाही. खडीच्या रस्त्याने रोज जाणाऱ्याने एअर फिल्टर वेळेवर बदलावा.

मागे पाथरीकडचा एक तरुण भावाच्या कारमधलं उरलेलं सिंथेटिक मोटारसायकलमध्ये टाकून आला. म्हणाला, "काका, सगळ्यात भारी ऑइल टाकलं, तरी गाडी ओढत नाही." क्लच घसरत होता. दोष बेस ऑइलचा नव्हता. कारच्या तेलात घर्षण कमी करणारी ॲडिटिव्ह असतात आणि मोटारसायकलचा क्लच त्याच तेलात भिजलेला असतो. तिथे डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' हे ओल्या क्लचसाठीचं जपानी मानक लागतं. तेल काढून नवं भरलं, पण प्लेटा जळल्या होत्या त्या बदलाव्याच लागल्या.

तुमच्या डब्यात काय आहे ते शोधायचं असेल तर रंगावर जाऊ नका, फ्रिजमध्येही ठेवू नका. साध्या तेलातही थंडीत गोठू नये म्हणून वेगळं ॲडिटिव्ह घातलेलं असतं. कंपनीच्या साइटवर त्या ऑइलची 'सेफ्टी डेटा शीट' मिळते. त्यात घटकांसमोर कॅस नंबर, म्हणजे प्रत्येक रसायनाचे ओळख क्रमांक, असतात. ६८०३७-०१-४ दिसला तर पीएओ आहे. ८४८३०१-६९-९ असेल तर गॅसपासूनचं. ६४७४२-५४-७ म्हणजे हायड्रोजनने शुद्ध केलेलं क्रूडचं तेल. यात ग्रुप टू आणि थ्री दोन्ही येऊ शकतात. कधी कंपनी नंबर देतच नाही, तेव्हा गाडीच्या पुस्तकातला ग्रेड आणि स्पेसिफिकेशन जुळवा. बीएस६ डिझेल असेल आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) बसवलेला असेल, तर कमी राखेचं, 'सी२' किंवा 'सी३' असं लिहिलेलं तेल लागेल. ते पुस्तकात नक्की बघा.

हे सगळं डबा खरा असेल तर. नामांकित कंपन्यांचे रिकामे डबे विकत घेऊन त्यात गाळलेलं जुनं तेल भरणारे लोक आपल्याकडेही आहेत. त्यामुळे सील तुमच्यासमोर तोडायला सांगा, आणि ऑइल ओतून झालं की रिकाम्या डब्याला तिथेच पेचकसाने दोन-तीन भोकं पाडा. माझ्या दुकानात हे काम मी स्वतः करतो.